काच काढलेला आरसा

आरशाचा शॉट घेणं सोपं असते असं ज्याले वाटते, त्यानं एकदा आरशासमोर कॅमेरा ठेवून पाहावा. आपण बाईचा चेहरा घ्यायले जातो, अन् दिसते कोण? आपणच. हातात कॅमेरा, कपाळावर घाम, मागं दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. स्वतःचं थोबाड पाहून पाहून मी वैतागली होती.

तसं माझं डोकं लवकर फिरतेच. आजीचं नाव इंदू, तेच मले चिकटवलं, आणि नावासोबत तिचा रागही आला असं आई म्हणते. अमरावतीच्या एका कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण दीक्षा फिल्मचा कोर्स करून राहिलो. शेवटच्या सेमिस्टरले सरांनी अट घातली. छोटी फिल्म करा, आणि तिच्यात आरशाचा एक शॉट पाहिजे. कॅमेरा आधी बाईच्या गालाजवळ, मग तिच्या पाठीमागून फिरत फिरत आरशाच्या बरोबर समोर. मधे तोडायचं नाही. आरशात कॅमेरा दिसला तर शून्य, आणि कॉम्प्युटरवर खोडून आणला तरी शून्य. कॉलेजचा कॅमेरा रविवारी संध्याकाळी परत द्यायचा होता.

आम्ही आरसा तिरपा करून पाहिला, तर चेहरा अर्धा गेला. दीक्षानं अंगावर काळी चादर घेतली, तर आरशात काळं भूत उभं. मग पडद्याले भोक पाडलं आणि भोकातून भिंग काढलं, तर पडदाच डोळा वटारून आपल्याकडे पाहून राहिला. मी चादर फेकली, पडदा फेकला, स्टूलले लाथ मारली. लागलं मलेच.

दीक्षा वलगावची, शांत पोरगी. ती अंगठा चोळणाऱ्या माझ्याकडे पाहत म्हणाली, "काचच काढून टाकू."

"म्हणजे?"

"चौकट ठेवायची, काच नाही. चौकटीच्या अलीकडे एक बाई, पलीकडे तशीच दुसरी बाई. पलीकडची म्हणजे प्रतिबिंब. ही हात उचलते तवा तिनं उचलायचा. मग कॅमेरा सरळ समोर आणला तरी दिसणार कशात? काचच नाही."

माझा राग जागच्या जागी उतरला. येवढी साधी गोष्ट मले सुचली नाही याचा नवा राग आला तो वेगळा.

"फक्त दोघींचं तोंड सारखं पाहिजे," दीक्षा म्हणाली. "फिल्ममध्ये तुझी आई आहे. तिच्यासारखं दिसणारं अमरावतीत कोण आहे?"

"अमरावतीत कोणी नाही."

"मग?"

"अकोल्यात आहे," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मले वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

अकोल्यात माझी चंदा मावशी राहते. आईपेक्षा थोडी लहान. दोघींचं नाक एक, हनुवटी एक, चालणंसुद्धा एक. लहानपणी मी बाजारात मावशीचा पदर आईचा समजून धरला होता. पण मावशीच्या पोराच्या लग्नापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि माझी फिल्म नेमकी त्याच लग्नावर होती.

झालं असं होतं. माझे बाबा नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात होते. ते अचानक गेले. बायांनी आईचं कुंकू पुसलं, आणि तेव्हापासून आईचं कपाळ रिकामं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मावशीच्या स्वप्निलचं लग्न निघालं. हा स्वप्निल शिकायले आमच्याच घरी होता, आईच्या हातचं खाऊन मोठा झाला. हळदीच्या दिवशी बाया एकेक करून त्याले हळद लावून राहिल्या होत्या. वाटी फिरत फिरत आईपाशी आली. आईनं हात पुढे केला. तेवढ्यात मावशी वाकली, वाटी उचलली आणि आईच्या कानाजवळ हळूच म्हणाली, "बाई, तू जराशी स्वयंपाकाचं पाह्य." मोठी बहीण म्हणून मावशी आईले बाई म्हणते.

आई उठली. स्वयंपाकघरात गेली, तिथं तळलेल्या पुऱ्या पाहिल्या, आणि मागच्या दारानं निघून अकोल्याच्या बसस्टँडवर. मी मागून धावली. बस मूर्तिजापूरले पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "पुऱ्या कच्च्या होत्या." बस्स. लग्न लागलं तवा आम्ही घरी होतो. स्वप्निलच्या बायकोचं तोंडसुद्धा आईनं पाहिलं नाही.

मावशीवरचा तो सगळा राग मी फिल्ममध्ये ओतला होता. नवरा गेलेली बाई बहिणीकडे कार्यक्रमाले निघते, आरशासमोर उभी राहते, कुंकवात बोट बुडवते आणि लावते. बस, येवढंच. मी लिहिलेलं आईनं वाचलं आणि विचारलं, "हे माहं हाये काय?" मी म्हटलं, "नाही, एका बाईचं आहे." "मग त्या बाईले बोलाव ना," आई म्हणाली. पण करीन म्हणाली, पोरीच्या मार्कांसाठी.

आता त्या फिल्मसाठी मले मावशीच पाहिजे होती. नशीबही काय एकेक थट्टा करते.

मी मनाशी वाक्यं जुळवत होती, आणि फोन लागल्यावर सगळी विसरली. "मावशी, मी इंदू. मले तुझं तोंड पाहिजे."

पलीकडून मावशी म्हणाली, "काय पाहिजे?"

मी एका दमात सांगितलं. चौकट, काच नाही, आई अलीकडे, तू पलीकडे, रविवारी, अमरावतीत. गोष्ट काय आहे ते सांगितलं नाही. मले वाटलं आता हजार कारणं येतील. मावशी म्हणाली, "कवा निघू?"

येवढ्या लवकर हो? मले तर संशयच आला. "दर्यापूरच्या मामानं दोघींना सारखी साडी दिली होती ना आहेरात, मोरपंखी? ती आणजो," मी म्हटलं. "आणतो," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवताना चोरट्या आवाजात विचारलं, "बाईले माहीत हाये का मी येऊन राहिली ते?"

बाईले माहीत नव्हतं. आई ब्लाऊज शिवते, ती मशीनवर होती. मी मागं जाऊन उभी राहिली, मग पुढे गेली, मग पाणी पिऊन आली.

"काय सांगाचं ते सांग अन् एका जागी बस," आई म्हणाली. "अंगात मुंग्या शिरल्यासारखी काहून करून राहिली?"

"अकोल्याची मावशी येते रविवारी."

मशीन थांबली. "काहून?"

"शॉटले तिचं तोंड पाहिजे."

"माह्या तोंडाले काय झालं?"

"तुझंही पाहिजे. दोन पाहिजेत."

आईनं दोरा तोडला, सुई वर केली, कापड सरळ केलं. मी घरभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी म्हणाली, "येऊ दे. पण मी तिच्याशी बोलनार नाई."

"शॉटमध्ये बोलायचंच नाही आहे."

"मग ठीक," आई म्हणाली, आणि मशीन अशी दामटली की ते ब्लाऊज तिले नंतर उसवावं लागलं.

रविवारी सकाळी आमच्या दोन खोल्यांचं सगळं उलटंपालटं केलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात आम्ही जुन्या ड्रेसिंग टेबलची चौकट टांगली. भंगारवाल्याकडून आणली होती, काच आधीच फुटलेली. हॉलमध्ये आईच्या मागं एक साधा पडदा, स्वयंपाकघरात तसाच दुसरा. कॅलेंडर काढलं, कारण आरशात अक्षरं उलटी दिसतात. घड्याळ काढलं. फ्रिजले चादर. दीक्षा खिडकीतल्या उन्हाकडे पाहून सारखी म्हणे, "चारनंतर हे ऊन जाईल." त्यात वीज गेलेली, आणि मावशीची बस बडनेऱ्यात अडकलेली. मी जिन्यात जाऊन ये, गॅलरीत जाऊन ये, असं चाललं होतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण पार्बताबाई ओरडल्या, "पायाले भिंगरी लागली काय वं?"

मावशी आली तवा दुपार झाली होती. हातात पिशवी, दुसऱ्या हातात अकोल्याहून आणलेल्या चिवड्याची पुडी. दारात थबकली. आई समोरच खुर्चीवर बसली होती.

"इंदू," आई भिंतीकडे पाहत म्हणाली, "पाणी दे त्यायले."

त्यायले! सख्ख्या बहिणीले त्यायले, परक्या पाहुणीले म्हणावं तसं! मावशी पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि मले म्हणाली, "सांग बाईले, पाणी झालं." मले वाटलं दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीत.

मग साडीचं नाटक. आरशात डावं उजवं होते. आईचा पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे मावशीचा उजव्या खांद्यावर पाहिजे, निऱ्याही उलट्या. मावशी जन्मभर एकाच बाजूनं साडी नेसलेली. ती नेसे, आणि हात आपोआप जुन्या वळणावर जात. सोडे, पुन्हा नेसे, पुन्हा तेच. ऊन सरकून राहिलं होतं. मी करायले गेली तर माझ्या निऱ्या पाहून दीक्षासुद्धा हसली.

"सर तिकडे," आईनं मले बाजूले केलं. मावशीशी न बोलता तिनं साडी सोडली, उलट्या अंगानं गुंडाळली, भराभर निऱ्या घातल्या आणि कंबरेत अशा खोचल्या की मावशी "आई वं!" करून ओरडली. आईच्या तोंडावरची रेषा हलली नाही. पण माझ्या आईले मी ओळखते. तिले बरं वाटलं होतं.

नाकातला खडा मावशीनं काढून ठेवला, कपाळावरची टिकलीही काढली. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून पदराआड ढकलल्या. राहिलं मंगळसूत्र. फिल्ममधल्या बाईच्या गळ्यात ते नाही. मावशीनं स्वतःच ते फिरवून पाठीवर टाकलं आणि वरून पदर घेतला. त्या वेळी आई दुसरीकडे पाहून राहिली होती.

"इंदू," मावशीनं विचारलं, "ही फिल्ममधली बाई कोण हाये वं?"

मले गप्प बसता आलं असतं. पण मी गप्प बसणारी असती तर अजून काय पाहिजे होतं! "तुझ्या पोराच्या हळदीतून उठून गेली ना, ती," मी म्हटलं.

"इंदू!" आई ओरडली.

मावशीचा चेहरा उतरला. मले वाटलं आता ही पिशवी उचलते. ती उभी राहिली, पदर नीट केला, आणि स्वयंपाकघरात चौकटीपलीकडे जाऊन आपल्या जागेवर उभी झाली.

आईनं तिले तिथं उभं पाहिलं आणि मले म्हणाली, "बरं झालं. आता तिची पाळी स्वयंपाकाचं पाहाची." हे आवाज न चढवता म्हणाली, पण पलीकडे ऐकू गेलंच. मावशी खाली पाहून राहिली.

तालीम सुरू केली. दोघी बोलत नाहीत म्हणून मी मोजायची. एक म्हटलं की मान वर, दोन म्हटलं की केसांवर हात, तीन म्हटलं की कुंकवाची डबी उघडायची. आधी सगळं विस्कटलं. आई चपळ, मावशी मागं. आई मुद्दाम चपळ. मग दीक्षा म्हणाली, "काकू, बोटांकडे नका पाहू. एकमेकींच्या डोळ्यांत पाहा." दोघींना ते काही आवडलं नाही. पण पाहावं लागलं. आणि काय सांगू, दोन वेळा केलं आणि तिसऱ्यांदा मोजायची गरजच उरली नाही. हात एका वेळी उठे, पापणी एका वेळी पडे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दीक्षानं मले दाखवलं तवा माझ्या अंगावर काटा आला. तो खरोखर आरसा होता!

"आता कुंकू," मी म्हटलं. "मावशी, आई उजव्या हातानं लावते. तू डाव्यानं."

मावशीचा हात डबीवरच राहिला. "डाव्या हातानं? कुंकू?"

हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. पदराचा विचार केला, नाकाच्या खड्याचा केला, कॅलेंडरच्या अक्षरांचासुद्धा केला, पण सवाष्ण बाईले आपण डाव्या हातानं कुंकू लावायले सांगतो, हे काही सुचलं नाही.

"येड लागलं काय पोरी?" मावशी म्हणाली. "घरी माणूस हाये माह्या. डाव्या हातानं नाई लावत मी."

"मग उलट करू," दीक्षा म्हणाली. "तुम्ही उजव्यानं लावा, इंदूची आई डाव्यानं लावेल. आरशाले काय फरक पडते?"

"हो, लावतो मी," आई म्हणाली. "माह्या कपाळाले डावं काय अन् उजवं काय. माहं जाचं होतं ते गेलं."

मले आईचा राग आला, मावशीचा आला, ही गोष्ट लिहिणाऱ्या माझाही आला. आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून राहिलं होतं.

"नाई," मावशी म्हणाली. पहिल्यांदा ती मले न सांगता सरळ आईशी बोलली. "तू उजव्यानंच लाव. मी लावतो डाव्यानं."

आईनं डबी जवळ ओढली. मी दीक्षाले खूण केली. आता लांबवलं तर ऊनही गेलं आणि सगळंच गेलं.

कॅमेरा सुरू झाला. दीक्षा आईच्या गालाजवळून सरकली. आईनं मान वर केली. केसांवरून हात फिरवला. दीक्षा पाठीमागून वळत चौकटीसमोर आली आणि मावशीचा चेहरा पूर्ण दिसला. डबी उघडली, दोन्हीकडे. दोन बोटं कुंकवात बुडाली. मी श्वास धरून उभी. दोन्ही हात वर गेले.

आणि आईचा हात कपाळाच्या जवळ थांबला.

तालमीत आम्ही कुंकू न घेता नुसतं बोट टेकवलं होतं, तेव्हा तिनं सहज टेकवलं होतं. आता बोट लाल होतं आणि ते पुढे जाईना. मावशीनं आरशाचं काम केलं, तिचाही हात तिथंच थांबला. दोघी एकमेकींकडे पाहून राहिल्या. मी मनात म्हणून राहिली, लाव ना माय, लाव.

मावशीनं डावा हात खाली घेतला. साडीले पुसला. मग उजवं बोट कुंकवात बुडवलं आणि सरळ चौकटीतून पुढे केलं, आईच्या कपाळाकडे.

गेला शॉट! आरशातून कधी हात बाहेर येतो काय? मी "कट" म्हणायले तोंड उघडलं, आणि दीक्षानं कॅमेऱ्यामागून मले असा डोळा वटारला की मी ते बंद केलं.

बोट टेकायच्या आधी आईनं मावशीचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"हळदीच्या दिवशी कुठी गेलता हा हात?" आई म्हणाली.

"भेली होती मी, बाई."

"कोणाले?"

"सगळ्यायले. सासूले, व्याहिणीले. पोराचं उद्या काही वाकडं झालं असतं तं लोकायनं..."

"माह्या हातानं स्वप्निलचं वाकडं झालं असतं?" आईचा आवाज चढला. "तापात फणफणला तवा रातभर ह्या हातानं पट्ट्या ठेवल्या त्याच्या कपाळावर. तवा नाई झालं काही?"

"माहीत हाये मले," मावशी रडायले लागली. "लगन लागेपर्यंत मी तुले शोधत होती मांडवात. नंतर फोन कोणत्या तोंडानं करू? रोज हातात घेतो अन् ठेवतो. चुकलं वं बाई. लय चुकलं माहं."

आईनं मनगट सोडलं नाही. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं, पण मान ताठ. मले वाटलं आता हात झटकते आणि घराबाहेर जाते, अकोल्याहून निघाली होती तशी.

"लाव," आई म्हणाली.

मावशीनं लावलं. थोडं तिरपं लागलं.

दोघींनी पदरानं नाकं पुसली. मग दीक्षानं कॅमेरा बंद केला, खिडकीकडे पाहिलं आणि दबकत म्हणाली, "इंदू, ऊन अजून जरासं आहे. एकदा होऊन जाईल. फक्त काकूंचं कपाळ पुसावं लागेल."

बरोबरच होतं तिचं. कपाळ कोरं पाहिजे, त्याशिवाय शॉट पुन्हा कसा होणार? दोघींचा ताल जमला होता. सरांची अट पूर्ण होत होती. मी टेबलावरचा ओला रुमाल उचलला आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. आईनं डोळे मिटले आणि चेहरा थोडा पुढे केला. पोरीच्या मार्कांसाठी ती तेही करू देणार होती.

बाबा गेले त्या दिवशी बायांनी पुसलं तवा मी दारात उभी होती. आईनं असेच डोळे मिटले होते.

"नाही पुसत मी," मी म्हटलं. "गेले खड्ड्यात मार्क!" रुमाल फेकला तो फ्रिजवर जाऊन पडला. दीक्षा कॅमेऱ्याची बॅग भरायले लागली. सोमवारी आम्ही तोच शॉट दिला, आरशातून हात बाहेर आलेला. मार्क किती पडले ते विचारू नका.

ऊन गेलं. आईनं चहा ठेवला. मावशी पदर तसाच उलट्या खांद्यावर घेऊन खुर्चीत बसली होती, पण नजर ठरत नव्हती. पिशवी उघडे, बंद करे. चहा आला तरी कप हातात धरून बसली.

"आता काय राहिलं?" आईनं विचारलं.

"सुनेले सातवा लागला," मावशी म्हणाली. "येत्या आठवड्यात ओटी भराची हाये. मी त्यासाठीच आली होती, खरं सांगतो. इंदूचा फोन आला तं मले देव पावल्यासारखं झालं. तू येशीन काय?"

आई कपातल्या चहाकडे पाहून राहिली. "येऊन कुठी बसू? स्वयंपाकघरात?"

"नाई वं बाई! समोर बसजो. सगळ्यायच्या समोर."

"ते तू इथी म्हणून राहिली. तिथी तुही सासू असन, व्याहीण असन. तवा कशी बोलावशीन?"

"कशी म्हणजे? हाक मारीन."

"त्या दिवशी कानाजवळ येऊन सांगतलं होतं तू," आई म्हणाली. "कोणाले ऐकू नाई गेलं, पण समजलं सगळ्यायले. आता हाक माराची तं अशी मार की मांडवाबाहेर ऐकू गेली पाहिजे. मार बरं आत्ता. मले पाहू दे."

"आत्ता?"

"मी आत जातो." आई उठली, वाकून चौकटीखालून स्वयंपाकघरात गेली आणि पडद्याआड दिसेनाशी झाली.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, दीक्षाकडे पाहिलं. तिनं खाकरून घेतलं. "बाई, ये वं," ती म्हणाली.

आतून नुसता भांड्यांचा आवाज.

मावशी उभी राहिली. चहाचा कप खाली ठेवला. "बाई! बाहेर ये! समोर ये!"

भांड्यांचा आवाज थांबला, पण आई आली नाही. जिन्यातून पार्बताबाईंनी विचारलं, "काय झालं वं? कोण बोंबलून राहिलं?"

"अजून एक डाव," आतून आई म्हणाली. आवाज भरलेला होता.

मावशीनं दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली आणि सगळं अंग घालून ओरडली, "बाई! अवं माह्ये बाई! समोर ये! माह्या सुनेची पहिली ओटी तुले भराची हाये!" शेवटचे शब्द फाटले. पार्बताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या मागं त्यांची सून, आणि समोरच्या गॅलरीतही कोणी वाकून पाहून राहिलं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"आली वं, आली," आई म्हणाली, आणि बाहेर आली.